रोलर कोस्टरवरून दिसलेला नकाशा

आमच्या ह्यांना रोलर कोस्टरचं वेड. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, नाहीतर सकाळी बागेत गोल उभे राहून उगाच हसतात. ह्यांनी आपल्यासारख्याच वेड्यांचा एक गट जमवला. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असलेली मुलं, कँपातला एक बेकरीवाला, मांजरी गावची एक मुलगी, अशी सगळी भेळ. कुठे नवा कोस्टर उभा राहिला की रविवारी हा ताफा निघायचा आणि ताफ्याबरोबर मी. बसायला नव्हे हो. चष्मे सांभाळायला.

वर जाताना खिशात, नाकावर, पायात काही ठेवू देत नाहीत. मग बाहेरच्या बाकावर काकू आहेतच! मांडीवर पर्सा, मोबाइल, किल्ल्या, पायाशी सगळ्यांच्या चपला आणि हातात ह्यांचा चष्मा. एवढ्या वर्षांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की काकू, तुम्हाला यायचंय का. ह्यांना तर नाहीच नाही. "हिला जिना उतरताना कठडा लागतो," असं सांगून ते सगळ्यांना हसवायचे. मीही हसायचे. काय करणार, मांडीवर सगळ्यांचं सामान असायचं.

राइड झाली की झाडाखाली बैठक. प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा. नियम ह्यांचे. 'मस्त', 'भारी' म्हणायचं नाही. 'पोटात गोळा आला' तर अजिबात नाही. "गोळा प्रत्येकाच्या पोटात येतो, तुमच्या पोटात वेगळं काय आलं ते सांगा." डोळे मिटले असतील तर ती राइड धरायची नाही. म्हणून वरून काय दिसलं हे सांगावंच लागायचं. ह्यांचा नंबर शेवटी. हे बोलायला लागले की सगळे गप्प. नदी कुठे वळते, कुठल्या घराच्या अंगणात काय वाळत घातलंय, असं काय काय सांगायचे. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकायची.

आता खरं सांगते. चष्मा काढला की ह्यांना डोंबल दिसत नाही. न्हाणीघरात बादली चाचपतात. माझ्याशी बोलताना कपाटाकडे बघतात. मग नदी कुठून दिसायची? तर सगळ्यांच्या आधी पोचायचं, चष्मा लावून बागेभोवती एक मोठी फेरी मारायची, काय कुठे आहे ते डोक्यात घालून ठेवायचं आणि नंतर झाडाखाली वाढायचं. त्यात मेहनत होती, नाही म्हणत नाही. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. घरात आम्ही त्यावर कधी बोललो नाही. त्या गटाशिवाय ह्यांचं ऐकणारं जगात कोणी उरलं नव्हतं. मुलगा फोनवर दोन वाक्यांत आटपतो. सोसायटीच्या मीटिंगला हे उठले की लोक घड्याळ बघतात. तेव्हा ती झाडाखालची जागा गेली की संपलंच.

पण माणसाने एवढं तरी बघून वागावं ना! मांजरीच्या मुलीने एकदा भीतभीत सांगितलं, "वरून आमचं जुनं रान दिसलं. आता तिथं बिल्डिंगा हाय, पन हीर तशीच हाय."

ह्यांनी तिला थांबवलं. "विहीर म्हणायचंय का आपल्याला?"

"हां, तेच."

"आपण कुठल्या बाजूला बसला होतात? उजव्या ना? मग विहीर पाठीमागे राहते. डोळे मिटून घरची आठवण काढत होतात. आधी 'आहे' म्हणायला शिका, मग वर बसा. ही राइड धरायची नाही."

मुलगी सगळ्यांदेखत रडली. बेकरीवाला तेवढा म्हणाला, "साहेब, जाने दो, बच्ची आहे." हे म्हणाले, "बच्च्यांसाठी खाली घसरगुंडी आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिंजवडीच्या मुलांपैकी एक उंच मुलगा होता. तो ह्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत राहिला. तिथेच त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं असणार.

पुढे मांजरीच्या पलीकडे, उसाच्या रानांत, नवा कोस्टर झाला. उद्घाटनाच्या आधी शौकिनांना बोलावलं होतं. नेमकी आमची बस ट्रॅफिकमध्ये अडकली. पोचलो तो सरळ रांगेतच उभं केलं. ह्यांची फेरी राहिली. रांगेत ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. सारखे टाचा उंच करून कुंपणापलीकडे बघायचे, पण दिसतोय फक्त ऊस.

तो उंच मुलगा मागून मित्राला म्हणाला, अगदी ऐकू जाईल असं, "टॉपला गेलो की लेफ्टला बघ. शाळेच्या टेरेसवर अख्खा भारताचा नकाशा पेंट केलाय. सॉलिड दिसतो म्हणे."

ह्यांचे कान टवकारले ते मी बाकावरून पाहिलं. मुलाने मित्राला कोपर मारलेलंही पाहिलं. चष्मा तेव्हा माझ्याच हातात आलेला होता आणि गेट बंद झालं होतं.

राइड झाली, बैठक बसली. सगळ्यांनी भराभर अनुभव उरकले. कोणीही नकाशाचं नाव काढलं नाही. आणि हे सुरू झाले.

"आपल्यापैकी एकाचंही डाव्या बाजूला लक्ष गेलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. शाळेच्या गच्चीवर भारताचा नकाशा आहे. काश्मीरच्या टोकाला पाण्याची टाकी आली आहे. महाराष्ट्र भगव्या रंगात. आणि गंमत म्हणजे गच्ची संपल्यामुळे श्रीलंका कठड्यावर काढावी लागली आहे."

त्या कठड्यावरच्या श्रीलंकेपाशी पहिला कोणी तरी हसत सुटला. मग सगळेच. एक जण गवतावर लोळला. उंच मुलगा म्हणाला, "काका, श्रीलंकेला लाइट्स पण लावलेत का?" बेकरीवाला खाली मान घालून खारीचा पुडा सोडत बसला.

ह्यांना क्षणभर कळेचना. मग कळलं. चेहरा असा काही पडला की मला वाटलं उठावं आणि हाताला धरून घरी न्यावं. नवरा आहे शेवटी. पण हे सावरले. "न बघणाऱ्यांनी बघणाऱ्याला हसावं, ही पुण्याची जुनी रीत आहे," म्हणाले.

"मग ठरवूनच टाकू," उंच मुलगा म्हणाला. "काकूंना पाठवू. न्यूट्रल अंपायर."

"हिला?" हे मोठ्याने हसले. सगळ्यांकडे बघून, सगळ्यांना आपल्या बाजूला ओढून घेत हसले. "हिला जिना उतरताना..."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि मांडीवरचं सगळं सामान गवतावर ओतलं.

गेटपर्यंत हे माझ्यामागे आले. दंड घट्ट धरला आणि पुटपुटले, "आहे म्हणून सांग." मी मान हलवली. खरंच सांगते, तेच सांगणार होते. एवढी वर्षं सांभाळलं, अजून एकदा. मांजरीची मुलगी माझ्याबरोबर शेजारी बसली. "भिऊ नका काकू, दांडा नुसता धरा."

साखळी आम्हाला वर ओढायला लागली. कट कट कट असा आवाज. भीती वाटत होती, हात गार पडले होते, पण डोळे मी मिटले नाहीत. वर पोचल्यावर गाडी जराशी थांबल्यासारखी झाली. डावीकडे शाळा होती. गच्चीवर मोडक्या बाकांचा ढीग, आणि एक बाई न्हाऊन केस वाळवत बसली होती. आमच्याकडे पाठ करून. एवढा आरडाओरडा चालला होता तिच्या डोक्यावर, तिने वळूनही बघितलं नाही. मला काय झालं कोण जाणे, एकदम हसू आलं आणि रडूही. तेवढ्यात खाली कोसळलो. आयुष्यात कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी पोटभर ओरडले. ह्यांच्या नावाने ओरडले, सासूबाईंच्या नावाने ओरडले. मुलगी हसून हसून बेजार.

उतरले तेव्हा अंबाडा सुटला होता. झाडाखाली आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिल्यांदाच बघत होते. मला किती तरी सांगायचं होतं. मी सुरुवात केली, "वर गेल्यावर ना, आधी हात गार पडले, आणि मग..."

"तुझं पुराण नको," हे म्हणाले. "नकाशा आहे ना, तेवढं सांग."

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"नकाशा नाही. कधीच नव्हता. चष्म्याशिवाय तुम्हाला बादली दिसत नाही, नकाशा कुठला दिसतोय!"

कोणी हसलं नाही. त्या उंच मुलानेही नाही. ह्यांनी घाईघाईने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिने डोळे मिटले असणार. ही राइड धरायची नाही."

"न्हाई मिटले," मुलगी म्हणाली. "मी शेजारीच होते. उघडे होते त्यांचे डोळे."

बसमध्ये हे खिडकीशी बसले. हडपसर आलं. मग हळूच, माझ्याकडे न बघता विचारलं, "गच्चीवर मग काय होतं गं?"

"तुम्हीच बघितलंत ना मगाशी," मी म्हटलं.

गट त्यानंतर ह्यांना बोलावेनासा झाला. मला बोलावतात. मुलगी गाडी घेऊन सदाशिव पेठेत येते आणि खालून हॉर्न वाजवते. मी पायात चपला सरकवते तेव्हा हे पेपर वाचल्यासारखं करतात. संध्याकाळी परत आले की चहा स्वतः करून आणतात, समोर बसतात आणि आडून आडून विचारतात, आज वरून काय दिसलं. कधी कधी ती शाळेची गच्चीही निघते. काय होतं गं तिथे, आता तरी सांग.

माझ्याकडे असलेली आणि त्यांना हवी असलेली ही पहिलीच गोष्ट आहे. मी चहा पिते आणि म्हणते, साखर कमी पडली.