खटला लोणावळ्याला, मी वडगावला

माझ्यावर जन्मात एकच खटला झाला, आणि तोही पेंढ्याच्या गाडीपायी. लोक अजून तो मला चिडवायला सांगतात, आणि प्रत्येक जण त्यात पदरचं काहीतरी घालतो. म्हणून जसा झाला तसा मीच लिहून ठेवतो. लिहायला वेळ लागतो, पण घाई कुणाला आहे?

दुसरी लढाई लागायला अजून काही वर्षं होती. मी तिशीत असेन. घर मळवलीला, थोडी भातशेती आणि भाड्याने चालवायला एक बैलगाडी. लोणावळ्याच्या बंगल्यांत तेव्हा घोडे असत, त्यांना पेंढा लागे. भाताची मळणी झाली की उन्हाळाभर माझ्या खेपा चालत. भाड्याने गाडी हाकायची तर बिल्ला लागायचा. पत्र्याचा तुकडा, त्यावर आकडा, गाडीच्या साटीला, म्हणजे बाजूच्या फळीला, ठोकलेला. बिल्ला नसेल तर भाडं बंद. भात आम्हाला वर्षभर पुरत नसे. उरलेले महिने त्या पत्र्यावरच निघायचे.

आम्हा गाडीवाल्यांचा एक कायदा होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी पाहिला नाही. गाड्या समोरासमोर आल्या की रिकामीने सडकेखाली मातीत उतरायचं आणि भरलीला पक्की सडक द्यायची. डावी का उजवी हे कोण बघतो! भरली गाडी एकदा मातीत कलली की पेंढा, बैल, माणूस सगळंच आडवं.

त्या दिवशी वळवणच्या अलीकडे सडकेची डावी कड खचलेली होती. मी गाडी उजवीकडून घेतली. समोरून टाकव्याचा एक गाडीवान रिकामी गाडी घेऊन येत होता. त्याने लांबूनच माझा पेंढा पाहिला, मुकाट खाली उतरला आणि वर रामराम घातला. त्याच्या मागून मोटार आली. भोंगा वाजवू लागली. मी हललो नाही. मोटार थांबली, मी थांबलो, आणि जरा पुढे उभा असलेला पोलीस चालत आला.

"उजव्या अंगानं गाडी का घातली?"

"भरली हाय."

"भरली असू दे न्हाईतर रिकामी. डावीकडनंच जायाचं."

मी म्हटलं, "ही रिकामी गाडी उतरली का न्हाई खाली? मोटारीत बी एकच माणूस बसलाय. ती बी रिकामीच म्हनायची. तिनं का उतरू नये?"

टाकव्याचा गाडीवान मोठ्याने हसला. तिथेच माझं बिघडलं. तो हसला नसता तर पोलीस दम देऊन गेला असता, असं मला आजही वाटतं. पोलिसाने वही काढली आणि बिल्ल्याचा आकडा उतरून घेतला.

पंधरा दिवसांनी घरी कागद आला.

आता माझ्या शिक्षणाचं सांगतो. दुसरी इयत्ता मी निम्मी केली. पण छापलेलं बाळबोध मी वाचतो, आणि तेव्हाही वाचायचो. गावात मला वाचणारा म्हणत. हाताने लिहिलेलं मात्र त्या काळी सगळं मोडी लिपीत असे, आणि मोडी मला येत नव्हती. ती गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलीही नव्हती.

तो कागद दोन्ही तऱ्हांचा होता. मधला मजकूर छापील, आणि मोकळ्या जागा कारकुनाने मोडीत भरलेल्या. आमची कारभारीण चुलीपुढून उठून आली. "काय म्हंत्यात?" मी उभा राहून मोठ्याने वाचलं. "तुम्हांस कळविण्यात येते की," मग खोकलो. "येथील कोर्टात जातीने हजर राहावे," मग परत खोकलो. मोडीची जागा आली की मला खोकला येत होता. ती म्हणाली, "लय धूर झालाय का?" मी म्हटलं, "व्हय."

मोडीतले आकडे बाळबोधासारखेच असतात, त्यामुळे तारीख मला कळली. गाव कळलं नाही. पण त्यात कळायचं काय? खटला म्हटला की वडगाव. आमच्या बापजाद्यांचे बांधाचे तंटे सगळे वडगावच्या कचेरीत झाले. लोणावळ्यातही कोर्ट बसतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तारखेला आगगाडीने वडगावला गेलो. धुतलेलं धोतर, नवं पागोटं. कोर्टाबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारे बसत, पुढे लाकडी पेटी. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, कागद दावा. कुटं उभं ऱ्हायाचं ते सांगतो."

"मला वाचता येतं."

"मग बसा वाचत," म्हणाला आणि त्याने दुसरं गिऱ्हाईक बोलावलं.

मी बसलो. शिपाई बाहेर येऊन नावं पुकारायचा. लोक धावायचे, आत जायचे, कुणी हसत बाहेर येई, कुणी तोंड पाडून. माझं नाव काही येईना. कागद कमरेला होता. तो त्या पेटीवाल्यापुढे टाकला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. मधली गाडी पकडून लोणावळ्याला वेळेत पोचलोही असतो. दोनदा उठलो, दोनदा बसलो. तो आपला माझ्याकडे बघून पान खात होता. शेवटी कोर्ट उठलं, दारं लागली. घरी येऊन मी कारभारणीला सांगितलं, "पुकारलंच न्हाई. माझं म्हननं सरकारला पटलेलं दिसतंय."

चार दिवसांनी तोच पोलीस दारात.

"खटला लोणावळ्याला पुकारला. तुमी कुटं व्हता?"

"वडगावला."

"तितं काय व्हतं?"

त्याने साटीवरचा बिल्ला उचकटून काढला, पुढची तारीख तोंडी सांगितली आणि गेला. गाडी अंगणात उभी राहिली. ऐन पेंढ्याचा हंगाम. माझे बंगले दुसऱ्यांनी धरले. बैल दावणीला उभे राहून माझ्याकडे बघत. कारभारीण विचारी, "कागदावर वडगावच व्हतं ना?" मी म्हणे, "त्यांचीच चूक असंल." असं खोटं मी पंधरवडाभर बोललो.

लोणावळ्याचं कोर्ट म्हणजे एक खोली, एक मेज आणि दोन बाकं. मॅजिस्ट्रेट पेन्शनीला आलेले वयस्कर गृहस्थ, शांत. टाकव्याच्या गाडीवानालाही साक्षीला बोलावलं होतं. तो मागच्या बाकावर बसला होता, आणि तो बघेल ते मावळभर होणार हे मला ठाऊक होतं.

"उजव्या बाजूने गाडी हाकलीस. गुन्हा कबूल?"

"न्हाई. गाडी भरली व्हती."

"बरं. गेल्या तारखेला का आला नाहीस?"

मी पागोटं सारखं केलं.

ते म्हणाले, "हे बघ, बाजू चुकली हे लहान आहे. मुद्दाम गैरहजर राहणं लहान नाही. कारण सांगितलं नाहीस तर बिल्ला तुला परत देता येणार नाही."

मी मागे पाहिलं नाही, पण टाकव्याचा गाडीवान पुढे सरकून बसल्याचं बाकाच्या आवाजावरून कळलं. बिल्ला मेजावर होता, त्याचा आकडा मला दिसत होता. मी म्हटलं, "रावसाहेब, मी वडगावला गेलतो. कागदावरचं गाव मोडीत व्हतं. मला मोडी येत न्हाई."

एवढंच.

कारकून लिहिता लिहिता पुटपुटला, "आरोपी निरक्षर."

माझं डोकं फिरलं. "तसं लिवू नका! बाळबोध येतं मला."

"येतं?" मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"त्या भितीवरची पाटी वाचून दावतो." छापील पाटी होती. मी छाती काढून सुरुवात केली. "सर्व गाड्या सडकेच्या डाव्या बाजूने हाकाव्यात. हा नियम मोडणारास," आणि थांबलो.

"पुढे?"

"दंड होईल."

मागचं बाक हसून हसून करकरलं. मॅजिस्ट्रेटांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. "चांगलं वाचतोस. आता कबूल?"

"वाचलं ते कबूल. पन भरल्या गाडीचं ह्यात कायबी लिवलं न्हाई."

"नाही लिहिलं, आणि लिहिणं माझ्या हातात नाही," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "पण मला सांग, तू उजवीकडे का गेलास?"

"डावी कड खचली व्हती."

"हे पोलिसाला सांगितलंस?"

"त्यानं इचारलं न्हाई."

"आणि तू सांगितलं नाहीस." त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. "ते निरक्षर काढा. थोडा दंड करा आणि बिल्ला देऊन टाका."

अंगठ्याची शाई पुढे आली, ती मी बाजूला सारली आणि सही केली. नावातलं एकेक अक्षर काढेपर्यंत सगळं कोर्ट थांबलं. थांबू दे म्हटलं.

बिल्ला घेऊन मी चालतच घरी निघालो. दंडाचं मला काही वाटत नव्हतं. पण साहेबांचं ते 'आणि तू सांगितलं नाहीस' डोक्यातून जाईना. मोटारीवरून मी पोलिसाला एवढं ऐकवलं, पण कड खचल्याचं सांगायला माझं तोंड उघडलं नव्हतं. झाडाखालच्या पेटीवाल्यापुढेही तसंच. नडलं ते मोडीमुळे नाही.

टाकव्याचा गाडीवान गावोगाव सांगणार होता. कारभारणीला ते दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून घरात शिरल्या शिरल्या मी सांगून टाकलं. कोर्टात म्हटलं त्याच शब्दांत.

तिने हातातली परात खाली ठेवली. "अवं, मग त्या दिशी उभं ऱ्हाऊन वाचत काय व्हता?"

"जेवढं छापलं व्हतं तेवढं."

"आन् खोकला?"

मी चुलीकडे बोट दाखवलं. ती हसायला लागली ती खाली बसली, पदर तोंडात धरला तरी थांबेना. मला भयंकर राग आला. जरा वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, "पन तारीख तरी बरुबर वाचली व्हती का?"

"व्हय."

"मग निम्मं आलं की."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. आता ती नाही. ते 'निम्मं' मात्र मला अजून सोसत नाही, आणि खोटंही म्हणता येत नाही.