तलफ लहान की मोठी

माझ्या मामेसासऱ्यांइतका उपद्व्यापी माणूस साऱ्या नागपुरात दुसरा झाला नसेल. लोकांच्या ओठातली सिगरेट काढून त्यांच्या हातात झाडू देणं हा त्यांचा रेल्वेतून निवृत्त झाल्यानंतरचा उद्योग होता. ऐंशीच्या दशकात तो त्यांनी अशा धडाक्यानं चालवला की, रामदासपेठेत त्यांच्या घरावरून जायची वेळ आली की लोक खिसा चाचपून पलीकडच्या गल्लीत वळत. दिवसाला पाकीट संपवणाऱ्यांविषयी त्यांना माया होती. राग होता तो आमच्यासारख्या अधूनमधून ओढणाऱ्यांवर. "रोजवाल्याले मालूम असते आपण फसलो म्हणून. हा कधीमधीवाला मातर म्हणते, मी कुठी पितो!" हे ते अंगणात फेऱ्या मारत म्हणत. बसून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी आपला लग्नात, मॅच चालू असताना आणि साहेब रागावले तरच ओढत असे. साहेब रोज रागावतात, हे बायकोनं मामांच्या कानावर घातलं आणि माझं नशीब फुटलं.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. तलफ काही मिनिटांची असते, तेवढ्यात हात गुंतवले की ती निघून जाते. म्हणून तलफ आली की थेट त्यांच्याकडे जायचं. ते आधी शर्टाचा वास घेत, मग डॉक्टरच्या गांभीर्यानं विचारत, "लहान आहे का मोठी?" लहान असली तर कुंड्यांना पाणी, मधली असली तर गच्ची झाडायची, आणि मोठी असली तर कूलर. एकदा मे महिन्यात मी "मोठी" म्हणून बसलो. भर दुपारी शिडीवर चढून, बनियनवर, कूलरच्या ताट्यांतला जुना वाळा उपसत होतो, तेवढ्यात सासूबाई आल्या. मला पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला. "दादा, अवो, जवाई आहे ना तो!"

"असंन," मामा म्हणाले, "पण तलफ काय नातं पाहून येते काय वं?"

रोजवाल्यांसाठी त्यांच्याकडे विलायतेतल्या भाच्यानं पाठवलेलं निकोटिनचं च्युइंगम असे. ते थोडं चावून गालात दाबून ठेवायचं. आमच्याकडच्या तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या मंडळींना गालात दाबणं शिकवावं लागलं नाही. थुंकू नका, हे मात्र पुनःपुन्हा सांगावं लागलं. मी काकुळतीनं म्हटलं, "मामा, झाडूऐवजी मलाही ते द्या ना." तर म्हणाले, "तुमाले काहून? नसलेली आदत लावून घेता काय, जावईबुवा?"

आणि माझी सिगरेट सुटली. एक दिवस साहेब ओरडले आणि माझा हात खिशाकडे न जाता झाडू शोधू लागला, तेव्हा मला ते कळलं. हळूहळू सगळ्यांचीच सुटत गेली आणि तिथंच मामांचं बिनसलं. सुटलेला माणूस त्यांच्या दारी कशाला येईल? मीही जाईनासा झालो. मग एका लग्नात मामी भेटल्या. "सारे सुधरले, जावईबुवा. आता कोणीच येत नाही. दिवसभर गेटापाशी येरझाऱ्या मारून राहिले. काल एकटेच शिडीवर चढले होते, पडता पडता वाचले."

मला रात्रभर चैन पडेना. पुढच्या रविवारी गेलो. मामा खरंच गेटापाशी होते, पुष्कळ वाळलेले.

"मामा, तलफ आली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या शर्टाचा वास घेतला. शर्टाला साबणाखेरीज कसलाही वास नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलं हे मलाही कळलं.

"लहान आहे का मोठी?"

"मोठी."

"अवं!" ते आत ओरडले, "जावईबुवा जेवून जातीन!"

मग मी वर चढलो, आणि खाली ते दोन्ही हातांनी शिडी धरून, अगदी स्थिर उभे राहिले.