आमच्या ओसरीवरचा पक्ष

पक्षातलं बाहेर सांगायचं नाही, असं आबांनी मला बजावलं आहे. आबा म्हणजे माझे आजोबा, आणि पक्षाचे अध्यक्ष. पण बैठक तलमडुगूत आमच्याच ओसरीवर भरते आणि चहा मी देते. किस्से साठतच जातात. ठेवू कुठं?

*

पक्ष सगळ्या देशाचा आहे. माणसं मात्र ओसरीत मावतील एवढीच. त्यामुळे प्रत्येकाला पद आहे. एकदा उटनूरचे एक मास्तर आले. पद नको, साधा कार्यकर्ता म्हणून घ्या, म्हणाले. सगळे विचारात पडले.

शेवटी आबा म्हणाले, "मास्तर, ते पद आपल्याकडं नाही. उपाध्यक्ष व्हा."

*

देश एक, म्हणून भाषणं हिंदीत, असा नियम होता. सचिव गणपतकाका कापसाच्या भावावर बोलत होते. चिडले की मराठीत येत. आबांनी टेबल वाजवलं की परत हिंदीत जात.

शेवटी काका खालीच बसले. "अध्यक्ष, हिंदीत मले रागच येत नाही!"

तेव्हापासून राग मराठीत चालतो.

*

मग गणपतकाका मोठ्या पक्षात गेले. पण गुरुवारच्या बैठकीला नेहमीसारखे हजर.

"तुमी तं पक्ष सोडला नं?" आबांनी विचारलं.

"पक्ष सोडला. गुरुवार कुठं सोडला?"

*

काल काका त्या मोठ्या पक्षाच्या साहेबांनाच घेऊन आले. साहेबांच्या हातात कंडुवा होता. आमच्याकडं पक्षप्रवेश म्हणजे पक्षाचा तो पंचा गळ्यात घालून घेणं. आबांनी मान वाकवली, की आमचा पक्ष त्यांच्यात विलीन. म्हणजे संपलाच. बाकीचे तयार झाले होते. आबा सकाळपासून जेवले नव्हते.

"आधी पक्षगीत," आबा म्हणाले.

हे गीत लांबलचक आहे. जो पक्षात येतो, तो आपल्या भाषेत एक कडवं जोडतो, आणि ते त्यानंच सुरू करायचं असतं. सगळे उभे राहिले. काकांचं कडवं आलं आणि गाणं थांबलं. कुणी काकांकडं बघेना. काकांनी गळ्यातला कंडुवा काढून खुर्चीवर ठेवला आणि सूर लावला. मागोमाग सगळ्यांनी.

गीत संपल्यावर साहेब कंडुवा उघडून पुढं आले. आबांची मान ताठच होती.

"आता तुमचं कडवं म्हणा, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "इथं येणाऱ्याले म्हणावंच लागते."

साहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं. सगळे अजून उभेच होते. त्यांनी कंडुव्याची घडी घालून खिशात ठेवली, घसा खाकरला आणि… थांबा हं, आई हाक मारतेय. आले आई, आले!