वासराच्या वाट्याचा सड

आधी नेस्ताचं नाव लिहिते, मग बाकीचं. आईबापानंतर जिच्यामुळं मी आज इथं बसून चार ओळी लिहू शकते, ती ही बाई. वेल्समधल्या एका डोंगरावर राहते, वय आता ऐंशीच्या पुढं. वस्तीतल्या जुन्या माणसांना ती आठवत असंल. दुष्काळात विहिरी खोदायला गोऱ्यांची एक टोळी आली होती, त्यातली उंच, लाल गालांची बाई. शाळेच्या खोलीत राहायची आणि "भाकर द्या की" म्हणत आमच्या दारात उभी राहायची. तीच नेस्ता. पण मी काय केलं आणि तिनं माझ्यासाठी काय केलं, हे तुम्हांला कुणालाच ठाऊक नाही. मायलाही मी सांगितलं नव्हतं. माय गेली, आता लिहायला हरकत नाही.

मी निघाले ती देवणीच्या स्टँडवरून. लातूरची एसटी लागली तशी बाबांनी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. कंडक्टरला म्हणाले, "लेकीला जरा नीट बसवा मालक, विलायतेला चाललीय."

कंडक्टर म्हणाला, "मग हिथं कशाला बसविलाव? इमानात बसवा की!"

अख्खी गाडी हसली. बाबाही हसले. माय मात्र खिडकीच्या गजाला धरून रडत होती. गाडी हलायच्या आधी एवढंच म्हणाली, "हात सांभाळ माय. लोक आपले हात आधी बघतेत, तोंड मागून."

नवऱ्यानं टाकलेली, सहावीत शाळा सुटलेली बाई परदेशी निघते यावर वस्तीत दोन वर्षं चर्चा पुरली असंल. शाळा सुटली ती दुष्काळात. सगळं घर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं, मीही गेले. पाऊस परत आला, पण मी वर्गात परत गेले नाही. त्याच दुष्काळात नेस्ता आमच्याकडं यायची. बाबांनी पाटलाची एक खप्पड कालवड अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, सांभाळायला घेतली होती. तिची गाय झाली, आणि चाऱ्यावाचूनही ती दिवसाला कपभर दूध द्यायची. मी धार काढायची आणि नेस्ता उकिडवी बसून बघत राहायची. तीन महिन्यांत ती पन्नासेक शब्द शिकली. जाताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "हात लई चांगलं हाय."

दहा वर्षांनी तिचं पत्र आलं. ती राहते तिथं गुरं आहेत, माणसं कमी आहेत, सहा महिने स्वयंसेवक म्हणून ये, जमलं तर पुढं बघू. तिकीट त्या सगळ्यांनी मिळून काढलं.

तोवर लातूर जिल्हा झाला होता. पासपोर्टसाठी लागणाऱ्या माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद. नव्या कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, तुमचं गाव आता आमच्याकडं आलंय. कागद बदलून आणा." बाबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, गाव हाय तिथंच हाय. तुम्हीच सरकलाव." आमचा आजा बिदर जिल्ह्यात म्हातारा झाला, बाबा उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि घर तेच, चिंचेखालचं. तीन चकरांनंतर दाखला मिळाला. तेव्हा बाबा म्हणाले होते, "आपण न हलता जिल्हे हलतेत. तू तर हलून चाललीस. तुझं काय काय बदलंल बाई."

नेस्ता राहायची त्या जागेला ते कम्यून म्हणायचे. पंचवीसेक माणसं, एक स्वयंपाकघर, एक लांबच लांब टेबल, आणि कुणाच्या नावावर काही नाही. भिंतीवरच्या फळ्यावर आठवड्याची कामं लिहिलेली: भांडी, बटाटे, धुणं, लाकडं. गोठ्यापुढं मात्र सतरा वर्षं एकच नाव, नेस्ता. मी इंग्रजांचा देश समजून गेले होते, पहिल्याच दिवशी तिनं मला गप्प केलं, "आम्ही इंग्रज न्हाई!" त्यांची भाषा निराळी होती. देवणीत दर तिसऱ्या घरात कन्नड ऐकत वाढलेल्या मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते थंडीचं. जूनमध्ये मी दोन स्वेटर घालून शेण ओढायची.

माझ्या खोलीत कार्ला नावाची हॉलंडची पोरगी होती. ती म्हणायची, "तू गाईशी दिवसभर बोलतेस, माझ्याशी गुड मॉर्निंगच्या पुढं जात नाहीस." खरंच होतं. गाईला व्याकरण लागत नव्हतं.

गोठ्यात बारा गाई, काळ्या-पांढऱ्या, आपल्या देवणी गाईच्या दीडपट थोराड. धार मशीननं काढायचे. पण सेरेन नावाची एक नुकतीच व्यालेली गाय मशीन लावू द्यायची नाही, लाथ मारून नळ्या उडवायची. सेरेन म्हणजे त्यांच्या भाषेत चांदणी. नेस्तानं बादली माझ्या हातात दिली. "बाई, तू. हातानं." मी कासेला हात लावला, सेरेन कान हलवत उभी राहिली. त्या दुपारी माझ्या हातचं दूध मोठ्या जगमध्ये टेबलावर आलं आणि पंचवीस माणसांनी ते चहात ओतून घेतलं.

मी जेवायचं सोडून बघत राहिले. बाबांनी आयुष्यभर पाटलाची गुरं राखली. अडलेल्या गाई सोडवल्या, जखमा धुतल्या, शेण उचललं. पण त्यांच्या गोठ्यात कासेला हात लावायची परवानगी नव्हती. "शेण आमचं, धार त्येंची," असं ते हसत म्हणायचे. आमच्या त्या अर्धलीच्या गाईचं जास्तीचं दूध गावातल्या हॉटेलवाल्यानं कधी घेतलं नाही. आणि इथं ह्यू, म्हणजे कम्यूनचं कागदपत्र आणि सभा बघणारा म्हातारा, जग उचलून विचारत होता, "आणखी आहे का?"

त्या दिवसांसारखे दिवस मला पुन्हा आले नाहीत. एका रविवारी आम्ही सगळे व्हॅनमध्ये बसून समुद्रावर गेलो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. कार्ला कपड्यांसकट आत पळाली. मी घोट्यापर्यंत गेले आणि दुष्काळात पाण्याच्या एका घागरीसाठी उभी राहिलेली रांग आठवून तिथंच थांबले. इतकं पाणी, आणि कुणाला पिता येत नाही! नेस्ता वाळूत बसून ओरडत होती, "जा की! भिऊ नको! पाणी हाय, वाघ न्हाई!" परतताना मला वाटलं, माय, तुझी लेक ठीक आहे.

पण तेव्हा चूक सुरू होऊन चार दिवस झाले होते, आणि ती मला ठाऊक नव्हती.

आपल्याकडं धार कशी काढतात ते तुम्हांला सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या तुमच्या पोरांसाठी लिहिते. वासरू आधी सोडायचं, ते दोन ढुशा मारतं, गाय पान्हा सोडते, मग वासरू बांधून तीन सड पिळायचे आणि चौथा तसाच ठेवायचा. तो वासराच्या वाट्याचा. बाबा म्हणायचे, "वासराचं पोट तोडून पिलेलं दूध पचत न्हाई." कम्यूनमधली वासरं अंगणापलीकडच्या छपरात असायची, ते काम दुसऱ्याचं होतं. मला वाटलं, मी बादली घेऊन गेले की मागून कुणीतरी वासरू आणून सोडत असंल. विचारलं नाही. विचारायला इंग्रजी लागलं असतं, आणि इतकं साधं विचारावं असं वाटलंच नाही. वासराला आईकडं कुणी नेत नसंल असं मनात तरी कसं यावं? त्यांची वासरं तिसऱ्या दिवसापासून बादलीतच प्यायची.

म्हणून मी सकाळ-संध्याकाळ सेरेनचे तीन सड काढले आणि चौथा सोडला. दूध जरा कमी भरायचं. नेस्ता म्हणायची, "नवी बाई, नवा हात. गाय लाजली."

दहाव्या दिवशी सेरेन मागचा पाय टेकेना. न काढलेलं दूध साचून कासेचा तो भाग तापला होता, धोंड्यासारखा. आपल्याकडं त्या रोगाला दगडीच म्हणतात. सडातून पाणी आणि गुठळ्या आल्या. नेस्तानं माझ्याकडं पाहिलं. "चारी काढलं?"

"तीन," मी म्हणाले. "एक बाळाचं."

ती पालथ्या बादलीवर बसली. सेरेनच्या पोटाला हात लावला. मग म्हणाली, "व्हय. बाळाचं." रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर आला, सुया झाल्या. सेरेन वाचली; तो सड कायमचा बाद झाला.

रविवारी जेवण झाल्यावर सभा असायची. ह्यूनं विचारलं, हे कसं झालं? त्याच्यापुढं माझा कागदही होता. माझे सहा महिने पुढच्या महिन्यात संपत होते, आणि राहण्याची मुदत वाढवायची तर कम्यूननं लिहून द्यावं लागणार होतं, की ही बाई जबाबदारीनं काम करते. तोवर एवढं इंग्रजी मला समजायला लागलं होतं. मी उठायला टेबलावर हात टेकवला. तोच दुसऱ्या टोकाकडून नेस्ता म्हणाली, "माझ्याकडून झालं. सेरेनची धार मी काढत होते. एक सड नीट काढला नाही. लक्ष नव्हतं."

ह्यू म्हणाला, "सतरा वर्षांत तुझं लक्ष नव्हतं असं कधी झालं नाही, नेस्ता."

"म्हातारी झाले," ती म्हणाली. एक-दोघं हसले.

माझा हात टेबलावर तसाच होता. मी उठले नाही.

कागदाची भीती होती, हे खरं. परत गेले तर भावाच्या घरात टाकलेली बहीण म्हणून कोपऱ्यात बसायचं, हे दिसत होतं. पण खरी भीती दुसरीच होती, आणि ती लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्या टेबलावर कुणीतरी म्हणेल, हिच्या हातानं झालं. तिथं तसं कुणी म्हणालं नसतं. माझ्या हाताचा इतिहास तिथं कुणालाही माहीत नव्हता. पण मला होता ना. ज्या हातचं दूध पहिल्यांदा लोकांनी हसत घेतलं, तोच हात खाली घालायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी एका बाईला माझ्या जागी खाली मान घालू दिली.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर गोठ्यापुढं दुसऱ्याचं नाव आलं. नेस्ताचं नाव धुण्यात गेलं. तारेवर चादरी टाकताना मी तिला गाठून म्हणाले, "मी सांगते त्यांना. आज सांगते."

ती चिमटा तोंडात धरूनच बोलली, "तुला कागद पायजे. मला काय पायजे? मी हितलीच हाय. कुठं घालवतेत मला?"

आणखी एक प्रवास सांगायचा राहिला. तीन सडांची गाय कम्यूनला परवडणारी नव्हती. तिला बाजारात न्यायचं ठरलं आणि माझ्यापाशी ती शांत राहते म्हणून दावं माझ्या हातात दिलं. नेस्ताही आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या देवणीच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, गाईला तरी कळत नाही. इथं एक माणूस उंचावर बसून मोठमोठ्यानं भाव ओरडत होता. गोल रिंगणात मी सेरेनला दोनदा फिरवलं. ती माझ्या खांद्याला नाक घासत होती. बाहेर आले तेव्हा हातात नुसतं दावं. नेस्तानं ते माझ्याकडून घेतलं, गुंडाळलं आणि म्हणाली, "चल. चा पिऊ."

ह्यूनं कागद लिहून दिला. मुदत वाढली, आणखी वाढली, मग मी खाली शहरात आले. आता एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते, केस विंचरते, भरवते. ते माझा हात धरून ठेवतात, सोडत नाहीत. तुम्हांला पाठवलेल्या फोटोंत मी हसते ती खोटी हसत नाही. पण कुणी "तुझे हात किती मऊ" म्हणालं की मी हात मागं घेते.

मागच्या खेपेला देवणीला आले तेव्हा पुतण्यानं त्याचा नवा गोठा दाखवला. जर्सी गाई, मशीन, पलीकडं वासरं वेगळी. दूध डेअरीला जातं आणि गावातल्या सगळ्या घरांत पोचतं, आमच्या वस्तीचं दूध. बाबा असते तर दाराशी खुर्ची टाकून बसले असते. मी पुतण्याला विचारलं, "वासराला कधी सोडतोस?" तो म्हणाला, "आत्या, तू कुठल्या जमान्यात हायस? बाटलीनं पाजून राहिलो की." मी हसले आणि चिंचेखाली जाऊन बसले. मी जे घर सोबत घेऊन गेले होते, ते तिथंही उरलं नव्हतं. आणि जिथं नेऊन ठेवलं, तिथं त्यानं एका गाईचं आणि एका बाईचं नुकसान केलं. तरी ते घर वाईट होतं असं मला अजून म्हणवत नाही. तुमच्यातले जे पुण्याला, मस्कतला, कुठं कुठं गेलात, तुम्हांला मी काय म्हणते ते कळेल.

नेस्ताला मी महिन्यातून एकदा भेटायला जाते. गुडघे गेलेत, चादरीही आता दुसरेच वाळत घालतात. कम्यूनमध्ये नवी माणसं आली आहेत, त्यांना तिची ओळख करून दिली जाते ती अशी, "ही नेस्ता. पूर्वी गोठा बघायची, मग एक गाय बिघडवली." ती हसून मान हलवते. मी शेजारी बसलेली असते.

रविवारची सभा अजून भरते. माझं इंग्रजी अजूनही अडखळतं, पण तेवढ्यापुरतं पुरेल. नेस्ता बसलेली असताना, तिला ऐकू येतंय तोवर, मी त्या टेबलापाशी उभी राहणार आहे आणि सांगणार आहे की तो सड मी सोडला होता, का सोडला होता, आणि ही बाई सतरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. ती मला गप्प बसवायला बघंल. मी गप्प बसणार नाही. हे एवढं फेडल्याशिवाय मी देवणीला कायमची राहायला येणार नाही, माझी वाट बघू नका.