बाळंतिणीच्या खोलीला रंगाचे दोन हात

घरात तान्हं बाळ आलं की घरातली हवा पवित्र होते, असं आमच्याकडे मोठी माणसं सांगतात. माझी नात नऊ दिवसांची होती तेव्हा तिच्या खोलीतल्या हवेत ऑइलपेंट, टर्पेंटाइन, ओव्याचा धूर, लसणाच्या सालींचा धूर, डासांची कॉइल, कापूर आणि फिनेल एवढ्या गोष्टी होत्या. पावित्र्य असलंच तर ते दाराबाहेर ताटकळत असावं.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, दहिवलीला आली होती. तिच्यासाठी जी खोली ठरवली तिच्या भिंतींना ओल येऊन पोपडे सुटले होते. नुसता चुना मारला असता तरी भागलं असतं. पण बारशाला डोंबिवलीहून व्याही येणार होते. व्याह्यांच्या घरी भिंतींवर लाकडी पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि त्या पट्ट्यांच्या मागून उजेड येतो. भिंतीमागे उजेड कशाला, हे मला विचारायचं होतं, पण तो साखरपुड्याचा दिवस होता. असल्या थाटामाटाला मी जन्मभर हसत आलो. आणि लेक दवाखान्यात होती त्या तीन दिवसांत मी स्वतः ब्रश हातात घेऊन खोलीला पिस्ता रंगाच्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. दुसरा हात धड सुकायच्या आत लेक बाळाला घेऊन घरी आली.

"किती छान दिसतंय, बाबा," ती म्हणाली आणि शिंकली. तिच्यामागोमाग बाळही शिंकलं. आम्ही सगळे कौतुकानं हसलो. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

चैत्र होता. शेतांत राब भाजणं चालू होतं. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या रचून पेटवतात, म्हणजे तण मरतं. संध्याकाळ झाली की तो धूर वस्तीवर येऊन बसतो. म्हणून खिडकी मी बंद केली. राहिलेल्या फटी आक्कानं बुजवल्या. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. पळसदरीला असते. बाळंतपण कुणाचंही असो, काढायला तीच. तिनं खिडकीच्या फटींत जुन्या साड्यांचे बोळे कोंबले.

"वारा लागंल पोरीला," ती म्हणाली. मग नाक वर करून हुंगलं. "दाजी, रंगाचा वास लय उग्र हाय. ऱ्हावा, धुरी देते, म्हंजे जाईल."

रंगाच्या वासावर तिनं खापरात निखारे घेऊन ओव्याची आणि लसणाच्या सालींची धुरी दिली, सकाळ-संध्याकाळ. धुरीचा वास लेकीला सोसेना म्हणून बायकोनं कापूर लावला. डासांना यातलं काहीच बाधलं नाही म्हणून कॉइल आली. शेवटी या सगळ्याचा मिळून जो वास झाला तो घालवायला फरशी फिनेलनं पुसली गेली. खिडकी उघडावी असं घरातल्या एकाही शहाण्या माणसाच्या मनात आलं नाही. शहाण्यांत मी धरलेला आहे.

सातव्या दिवसापासून नात नीट दूध ओढेना. दोन घोट घ्यायची, तोंड सोडायची, नाक फुरफुर वाजायचं, पुन्हा धरायची, पुन्हा सोडायची. लेकीला पान्हा भरपूर होता आणि पोर उपाशी होती. नवव्या दिवशी सकाळी लेकीनं मला हाक मारून बाळाचं झबलं वर केलं. श्वास आत घेताना इवल्याशा बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"दृष्ट लागलीय," आक्का म्हणाली. "मीठ-मोहऱ्या आना गं."

माझा तोल गेला. "दृष्ट त्या खापराला लागू दे! पोरीच्या छातीत धूर भरलास तू, आक्का."

"आयनं आमाला नऊ जनांना ह्याच धुरीत वाढवलं."

"नवांतली जगली किती?"

पाच जगली होती. त्यातल्या दोघी माझ्यासमोर उभ्या होत्या, आक्का आणि माझी बायको. आक्कानं खापर उचललं आणि ती मोरीकडे गेली. निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा आवाज आला.

माझा राग तेवढ्यानं संपला नाही. रिक्षा बघायला बाहेर आलो तर शेजारचा शेतकरी आमच्या कुंपणालगत राब पेटवत होता. मी तिथूनच ओरडलो, "आजचा दिवस तरी थांब की रं! घरात तान्हं पोर हाय."

त्यानं काठीनं पाला सारखा केला. "काका, राब नाय भाजला तर वरीसभर खानार काय तुमी? आन तीस वर्सं रसायनीच्या कंपनीत काढली की तुमी. तवा नाय आला का वो वास?"

हे खरं होतं. तीस वर्षं मी रसायनीला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

कर्जतच्या बालरोग डॉक्टरीण बाई माझ्या लेकीच्याच वयाच्या असतील. त्यांनी बाळाला उघडं केलं, घड्याळाकडे बघत श्वास मोजले, पायाच्या अंगठ्याला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला. मग विचारलं, "घरात काय काय जळतं?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. धुरी, कापूर, कॉइल, शेजाऱ्याचा राब, सगळं सांगितलं. खुलासेवार सांगितलं. आक्का कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती.

बाईंनी बाळाचं दुपटं उचलून नाकाशी नेलं. "आणि रंग कधी दिलाय?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं.

"मागच्या आठवड्यात," मी म्हणालो.

"कुणी?"

"मी."

"धूर बंद करा, कॉइल बंद करा. आणि काहीही झालं तरी त्या खोलीत हिला परत न्यायचं नाही. दुपारपर्यंत इथंच थांबा, मला पुन्हा बघायचंय."

दुपारपर्यंत बाकावर बसायला वेळच वेळ होता. कंपनीत रिकाम्या टाकीत माणूस उतरवायचा असला की आधी परमिट भरावं लागे. टाकीची सगळी झाकणं उघडायची, पंख्यानं हवा खेळवायची, यंत्र आत सोडून हवा तपासायची. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. एवढं झाल्यावर परमिटवर सही. माझ्या पाळीत ती सही मी करत असे. नवीन आलेल्या पोरांना मी सांगायचो, वास सवयीचा झाला म्हणजे हवा चांगली झाली असं नाही. चांगली धडधाकट पुरुषमाणसं होती ती, आणि त्यांना मी यंत्र दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकू दिलं नाही. तीन किलोच्या पोरीला मात्र मी दार-खिडकी लावून, फटी बुजवू देऊन आत ठेवलं. व्याह्यांनी भिंती बघाव्यात म्हणून. अडाणीपणा म्हणून आक्काला माफी होती. मला ती सवलत नव्हती.

दुपारी बाईंनी पुन्हा श्वास मोजले. आधीपेक्षा कमी भरले. खळगा उथळ झाला होता. उद्या पुन्हा आणायचं या बोलीवर त्यांनी घरी सोडलं.

लेक घरी आली ती खोलीत गेलीच नाही. तिनं पुढच्या पडवीतली मोटारसायकल मला अंगणात काढायला लावली आणि तिथं बाज टाकून वर मच्छरदाणी बांधली. शेजाऱ्याचा राब तोवर जळून गेला होता.

"बाळंतीन बाई उघड्यावर?" आक्का म्हणाली.

"मावशी, शेकायचंय तर मला शेक. हिच्या जवळ काही आणायचं नाही."

आक्का माझ्याकडे वळली. "दाजी, माजी धुरी घटकाभरात जाते. तुमचा रंग कदी जानार?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नात एका दमात दूध प्यायली. पोट टम्म होईपर्यंत. लेक रडली, आणि तिला कुणी उगी केलं नाही.

त्याच दुपारी पडवीतच बारसं झालं. डोंबिवलीचे व्याही पडवीत बसले, पडवीत जेवले, "तुमचं घर हवेशीर आहे हो," असं दोनदा म्हणाले आणि संध्याकाळच्या आत गेले. खोली बघायची कुणाला आठवण झाली नाही आणि मी करून दिली नाही.

लेक आता सासरी आहे. खोलीची खिडकी मी दिवसभर उघडी ठेवतो. गेल्या पंधरवड्यात तिथं भाताची पोती रचून ठेवली. घरभर उंदीर झालेत. त्या खोलीत एकही जात नाही.