स्वखुशीचा कागद

काटेसाहेबांशी संसार करणं म्हणजे रोज उठून भिंतीवर डोकं आपटणं, असं त्यांची बायको अडतीस वर्षं सांगत आली होती, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानेही तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नव्हतं. साहेब वजनमापे खात्यात होते. बाजारातले तराजू आणि वजनं तपासायची, बरोबर निघाली तर शिक्का मारून सही करायची, हे त्यांचं काम. काटेसाहेब हे नाव बाजारानेच ठेवलेलं. सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा केसभर हलका निघाला, तर त्याला सील ठोकून संध्याकाळी त्याच्याच घरी चहाला गेले! जाऊबाई पुढे सहा वर्षं हिच्याशी बोलली नाही. यांनी करायचं आणि निस्तरायचं कुणी, तर हिने.

मुलीच्या शाळेच्या वेळीही तेच. जन्मतारीख दोन दिवस मागे लिहिली असती तर प्रवेश मिळत होता. हेडमास्तर स्वतः म्हणाले, लिहा हो, कोण बघतंय? साहेबांनी पेन खिशात घातलं. पोरीचं वर्ष गेलं.

मग नदीच्या दोन्ही काठांवरच्या बड्या मंडळींनी कुठल्यातरी तिसऱ्याच शहरात बसून करार केला. अलीकडे राहणाऱ्या काटेसाहेबांच्या जमातीच्या लोकांनी पलीकडे जायचं, पलीकडच्यांनी इकडे यायचं. माणसांना जबरदस्तीने घरातून हलवणं हा म्हणे आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा. म्हणून सगळ्यांनी स्वखुशीने जायचं ठरलं. ज्यांना खुशी होईना त्यांचं पाणी तोडलं, मग वीज तोडली. आठवड्याभरात सगळी गल्ली खूश झाली.

बाईने मात्र कुरकुर केली नाही. लेक लग्न करून पलीकडेच दिलेली, नववा महिना लागलेला, जावई बोटीवर नोकरीला. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलेलं. आज दुपारी शेवटची बस, त्यानंतर पूल बंद. बाईच्या डोक्यात एवढं एकच होतं: संध्याकाळी पोरीच्या उशाशी पोचायचं.

शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. एक कारकून, एक दुभाषी, आणि लांबच्या देशातून आलेला गोरागोमटा निरीक्षक, गळ्यात ओळखपत्र घालून. बाईचा नंबर दोनशे बारा. तिने कागद वाचलासुद्धा नाही, सही ठोकली आणि बाजूला झाली. दोनशे तेरा नंबरने खिशातून चष्मा काढला.

"यातलं एक वाक्य चुकीचं आहे," काटेसाहेब म्हणाले. "मी स्वखुशीने घर सोडत आहे, असं लिहिलंय. मी जातो. पण तेवढा शब्द खोडू द्या."

"खोडला तर ती जबरदस्ती होते, साहेब," कारकून म्हणाला. "आणि जबरदस्ती करायची आम्हाला परवानगी नाही."

"अहो, करा ना एकदाची सही!" बाई खेकसली. "पोर एकटी पडलीय तिकडे! कुणाला पडलंय तुमच्या खुशीचं?"

"मग विचारतात कशाला?" साहेब म्हणाले.

निरीक्षक मोठ्या आदबीने काहीतरी बोलला. दुभाष्याने सांगितलं, की आजोबांच्या नकाराचा ते पूर्ण सन्मान करतात. आजोबांना इथेच राहण्याचा हक्क आहे.

"इथे म्हणजे कुठे?" बाईने विचारलं. "घराचा ताबा तर परवाच घेतलात!"

दुभाषी विचारून आला. "ते यांच्या कामात येत नाही."

बाईने कपाळावर हात मारला. या माणसाला इथे, रिकाम्या गावात, पाण्याशिवाय सोडून जायचं? यांना साधा दिवाही धड लावता येत नाही. "मग माझा कागद परत द्या," ती म्हणाली. "मीही नाही जात."

कारकून वरमला. "एकदा लिहून दिलेली खुशी परत घ्यायची सोय नाही हो, मावशी. परत घेतली तर कुणीतरी दबाव आणला असं दिसतं."

बाहेर बसने हॉर्न दिला. दोनशे बारा, म्हणून पुकारा झाला. दोन धिप्पाड माणसं आली आणि एकेकाने बाईचा एकेक दंड धरला. अगदी हळू धरला, पण धरला.

"सोडा की मेल्यांनो!" बाई ओरडली. "स्वखुशीने चाललेय ना मी?"

हॉलमधलं कुणी हसलं नाही. तिला दाराबाहेर नेलं, पायऱ्या उतरवल्या, बसमध्ये चढवलं. खिडकीतून तिला टेबल दिसत होतं. साहेब दाराकडे बघत उभे राहिले. मग वाकले आणि त्यांनी सही केली. खाली तारीखसुद्धा घातली.

ते शेजारी येऊन बसले तेव्हा बाईच्या ओठांवर सगळं तयार होतं. झालं ना? एवढंच तर होतं! हेच मुलीच्या वेळी केलं असतं तर? अडतीस वर्षं साठवलेलं बोलणं, पण त्यातला एक शब्द बाहेर येईना. तिला रडू येत होतं आणि संताप येत होता, आणि नवल म्हणजे संताप त्यांचा येत नव्हता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उतरू या का?"

"पोर वाट बघतेय," साहेब म्हणाले. "आणि आता मी सही केलीय. लिहून दिलंय म्हटल्यावर खूश राहायला हवं."

बस हलली. पूल लागेपर्यंत साहेबांनी खरोखरच प्रयत्न केला. ओठ ताणले, गाल वर केले, खिडकीकडे तोंड करून पुन्हा एकदा करून बघितलं.

बाईने त्यांचं मनगट गच्च धरलं. "खबरदार," ती म्हणाली, "खबरदार हसाल तर!"