तोरण लावलेलं दार

मी पायरीवर पाय ठेवला आणि सरांनी वर्गाचं दार माझ्या तोंडावर लावलं. आत हशा. मग सरांचा आवाज, "मावशी, एसटी बदला, नाहीतर घरीच भाकरी थापा."

मी बेचाळीस वर्षांची. लेकीचं लग्न उरकून बीएला नाव घातलेली. माझ्या मागे सुषमा आणि निकिता, आमच्याच बौद्ध वस्तीतल्या पोरी. गावाहून मेहकरला सकाळी एकच एसटी, ती तास सुरू झाल्यावर पोचते. सरांना हे ठाऊक होतं. सर संस्थाचालकांचे भाचे. मोठ्या घरची मोटरसायकलवाली पोरं आमच्याही नंतर यायची, त्यांच्यासाठी दार उघडायचं.

दिवाळीपर्यंत व्हरांड्यात उभ्या राहिलो. मग सुषमा कापूस वेचायला गेली. निकिताला पाहुणे बघायला येऊ लागले. मीही घरी बसले. कॉलेजातून एक फोन नाही.

आणि एका सकाळी वस्तीत जीप. कॉलेज तपासायला समिती येणार होती, रिकामे बाक दिसायला नको होते. सरांनी हात जोडले हो. मला ताई म्हणाले. मावशीची ताई व्हायला समिती यावी लागते. तिघींना जीपमध्ये बसवून वाटेत पढवलं : रोज येतो, काही अडचण नाही, असंच सांगायचं. आम्ही माना डोलावल्या. फुकटात नाटकात काम मिळालं होतं.

दाराला झेंडूचं तोरण. पहिला बाक आमचा. समितीतल्या मॅडमनी नेमकं मलाच विचारलं, शिक्षण सोडावंसं कधी वाटलं का?

मी उठले. बाहेर गेले. दार ओढून घेतलं. मग वाजवलं.

"सर, आत येऊ का?"

पुन्हा वाजवलं.

"सर, एसटी आताच पोचली. रोज याच टायमाले पोचते. आज काऊन बोलून नाही राह्यले?"

दार उघडलं ते सुषमानं. "या काकू," म्हणाली, "माह्या बाजूले बसा."

समिती जेवली, गेली. परतीला जीप नव्हती. सर फाटकाशी आले. "तुमचं वर्ष कसं पूर्ण होते, पाहतोच मी." आता ताई नाही. मावशीही नाही.

पाहा ना, सर. निकिताच्या आईला मी सांगून आले, पाहुणे परीक्षेनंतर बोलवा. सुषमानं कापसाची पिशवी खुंटीला टांगली. उद्या एसटी त्याच टायमाला पोचेल. दार लावलेलंच असेल, तोरण सुकलेलं. आम्ही तिघी ते ढकलून पहिल्या बाकावर बसू.

आत येऊ का, हे विचारणं संपलं.